मैदान कोणाचं होतं?

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, 'चाळिशीनंतरचं शिक्षण'. वेळ दिली पंधरा मिनिटं. शाळेत असताना बाई मला दोन मिनिटंसुद्धा बोलू द्यायच्या नाहीत, त्या मानाने ही प्रगतीच म्हणायची.

मी सिव्हिलची इंजिनिअर. २००२ मध्ये पदवी घेतली आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सॉफ्टवेअरमध्ये गेले. वर्गातले निम्मे तिकडेच गेले होते. सिमेंट-वाळूशी संबंध सुटला तो सुटलाच. अठरा वर्षं दुसऱ्यांचे प्रोग्रॅम दुरुस्त करण्यात गेली. मग २०२० चा लॉकडाऊन आला. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून रोज संध्याकाळी रिकामं शहर दिसायचं. गाड्या नसल्या की शहराचा सांगाडा दिसतो. हा रस्ता इथेच का वळला, या दोन लाख लोकांना बाग एकच का, असले प्रश्न पडायला लागले. नवरा म्हणाला, "प्रश्न मला विचारू नकोस, जाऊन शीक."

तर मी खरंच गेले. नगरनियोजनाची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम. प्लॅन., दोन वर्षांची असते. आर्किटेक्ट, सिव्हिल इंजिनिअर, त्याचप्रमाणे भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्रात एम. ए. केलेल्यांनाही अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो. गेट परीक्षेला वयाची अट नाही, हे माझ्यासारख्यांचं नशीब. एक्केचाळिसाव्या वर्षी वह्या-पेन्सिली घेऊन बसले, तेव्हा शेजारचा मुलगा मला प्राध्यापक समजून उठून उभा राहिला होता.

तिथे पहिल्या सत्रात नकाशा काढायला देत नाहीत, चालायला लावतात. एकेक वॉर्ड पायी फिरायचा, कुठे काय आहे ते टिपायचं. ही पद्धत पॅट्रिक गेडिस यांची. आधी निदान, मग उपचार, असं ते सांगत. हे स्कॉटिश गृहस्थ १९१४ मध्ये भारतात आले, अनेक शहरं पायी फिरले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्यानंतर ती खुर्ची सांभाळली ती आपल्या मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी.

मग रंग शिकलो. पिवळा म्हणजे निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा म्हणजे मोकळ्या जागा. मग प्रमाणं शिकलो. पाच हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक शाळा हवी, माणशी दहा-बारा चौरस मीटर मोकळी जागा हवी, वगैरे. मला हे सगळं फार आवडलं. हिरव्या पेन्सिलीने चौकोन रंगवला की बाग झाली!

त्याच वर्षी, २०२१ मध्ये, नीती आयोगाचा एक अहवाल आला. त्यात होतं की देशातल्या जवळजवळ आठ हजार शहरांपैकी ६५ टक्के शहरांना कसलीच विकास योजना नाही, आणि राज्याराज्यांत नगररचनाकारांची जी चार हजारांहून कमी मंजूर पदं आहेत, त्यांतलीही ४२ टक्के रिकामी. ज्यांची मुलं आता बारावीला असतील त्यांनी हे जरूर लक्षात ठेवा.

पण मला आज जे सांगायचं आहे ते वेगळं आहे. ते आपल्या मैदानाबद्दल आहे.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून ओढ्यापर्यंत जी जमीन होती, तिला आपण सगळे 'आपलं मैदान' म्हणायचो. खो-खोचे खांब तिथे, लंगडी तिथे, डिसेंबरातले क्रीडामहोत्सव तिथे. आज तिथे तीन इमारती आहेत. दहा वर्षांपूर्वी, २०१६ च्या मेळाव्यात, मी याच माईकवरून म्हणाले होते, "ज्यांनी आपलं मैदान विकून खाल्लं, त्यांना बालपण कशाशी खातात ते काय कळणार!" तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. ती जमीन ज्यांची होती त्यांची मुलगी आपल्याच वर्गातली, सहा वर्षं माझ्या बाकावर बसलेली. ती त्या दिवशी तिसऱ्या रांगेत होती. जेवणाला थांबली नाही. मला वाटलं, लागलं असेल मनाला, लागू दे.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मी 'छोट्या शहरांतली मैदानांची आरक्षणं' हा विषय घेतला आणि नमुना म्हणून आपलंच गाव निवडलं. नगरपालिकेत आणि नगररचना कार्यालयात जाऊन जुन्या फायली मागितल्या. त्यांतून जे कळलं ते असं.

आपल्या गावाची विकास योजना १९८९ मध्ये अमलात आली. आपण तेव्हा तिसरीत. त्या नकाशात शाळेमागच्या एकरभर जागेवर 'खेळाचे मैदान' असं आरक्षण पडलं. तोवर ते मैदान कधीच नव्हतं. ते तिच्या वडिलांचं शेत होतं. पीक निघालं की आपल्याला खेळू द्यायचे, एवढंच. आरक्षण पडलं म्हणजे जमीन नगरपालिकेची झाली असं नाही. ती विकत घ्यावी लागते. पालिकेकडे पैसे नव्हते. म्हणजे सातबारा काकांच्या नावावर, पण घर बांधायला परवानगी नाही आणि विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही.

१९९८ मध्ये आमची बारावी झाली. तिला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते, पण फ्री सीट दोघींनाही लागली नाही, पेमेंट सीट लागली. माझ्या वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले. तिच्या वडिलांनी चार गुंठे विकायला काढले. घेणारा नकाशा पाहून आला आणि बयाणा परत घेऊन गेला. ती गावातच बी. एस्सी. झाली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

त्या फायलीत काकांचे हाताने लिहिलेले सात अर्ज आहेत. प्रत्येकात मजकूर साधारण तोच. मुलांना खेळू द्यायला त्यांची ना नव्हती. मोबदला द्या, नाहीतर आरक्षण उठवा, एवढंच मागणं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ असं सांगतं की, योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत पालिकेने जागा घेतली नाही किंवा संपादनासाठी पाऊल उचललं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मुदत तेव्हा सहा महिन्यांची होती, आता चोवीस महिन्यांची आहे. काकांनी दहा वर्षं पूर्ण होऊ दिली, मग नोटीस दिली. पालिकेने एक ठराव केला आणि गप्प बसली. सहा महिने गेले, आरक्षण गेलं. त्यानंतर त्यांनी जमीन विकली. तोवर मुलीचं शिकण्याचं वय निघून गेलं होतं.

आणखी एक कागद आहे. कुठलीही योजना पक्की होण्यापूर्वी तिचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांकडून हरकती व सूचना मागवतात. तो नकाशा पालिकेच्या भिंतीवर लागला होता. हरकतींच्या नोंदवहीत रस्त्यांबद्दल, दुकानांबद्दल पुष्कळ नोंदी आहेत. मैदानाबद्दल एकच आहे, काकांची. आपल्या पालकांपैकी कोणी, शाळेच्या बाजूने कोणी, हे मैदान आम्हाला हवंच आहे आणि त्यासाठी अंदाजपत्रकात पैसे ठेवा, असं लिहिलं नाही. पुढच्या दहा वर्षांतही नाही. फुकट मिळत होतं, म्हणून ते आपलं होतं.

सॉफ्टवेअरमध्ये माझ्या हातून चूक झाली तर पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त करता येते. त्या नकाशावरची हिरवी रेघ एका घराने दहा वर्षं एकट्याने वागवली. आणि मी वर्गात बसून तसले हिरवे चौकोन हौसेने रंगवत होते.

फाइल वाचून मी तिच्या घरी गेले. काका आता नाहीत. मी माफी मागितली, तर ती म्हणाली, "चहा घे आधी." नंतर म्हणाली, "तो नकाशा आणलायस? मला समजावून सांग. बाबांना समजावून सांगणारं कोणी भेटलंच नाही." आम्ही दोघी रात्री दहापर्यंत जमिनीवर नकाशा पसरून बसलो होतो. भूमिती तिची पहिल्यापासून माझ्यापेक्षा चांगली.

मी टोमणा याच माईकवरून मारला होता, म्हणून माफीही इथेच मागते. तिला विचारूनच हे सगळं बोलते आहे. ती आजही तिसऱ्या रांगेतच बसली आहे. मैदान आपण गमावलं ते तिच्या वडिलांनी विकलं म्हणून नाही. आपण त्याची किंमत कधी विचारली नाही, म्हणून गमावलं.

आता शेवटचं. मी पुन्हा सॉफ्टवेअरमध्येच आहे, फक्त आता नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. आपल्या गावाच्या योजनेची सुधारणा सुरू झाली आहे. वीस वर्षांतून एकदा ती व्हायला हवी असते, आपल्याकडे उशीर झाला आहे. विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो आहे. मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी महिनाभर मिळेल, मग नियोजन समितीसमोर सुनावणी होईल. शाळेला मैदान हवं आहे. ओढ्यापलीकडे दोन मोकळ्या जागा आहेत. त्याही कोणाच्या तरी आहेत, कदाचित इथे बसलेल्या कोणाच्या. म्हणून मैदान मागताना एकाच अर्जात दोन गोष्टी मागू या: जागा, आणि तिचा मोबदला कधी व कुठून देणार याचं उत्तर. मालकाला पैशांऐवजी टीडीआर देण्याचीही सोय आहे, पण छोट्या गावात त्याला गिऱ्हाईक मिळणं कठीण, हेही विचारात घेऊ या. आधी त्या मालकांच्या घरी जाऊ, मग पालिकेत.

अर्जाचा मसुदा आम्ही दोघींनी मिळून केला आहे. बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे, नकाशाही आहे. जेवायला जाण्यापूर्वी वाचून सही करा. ज्यांना नकाशा वाचता येत नाही त्यांनी तिला विचारा, मला नको. ती जास्त चांगलं समजावते.