डब्यातला वेल आणि त्याचा आधार

(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर लोणची, मसाले, शिवण अशा विषयांवर पुष्कळ बोलणे झाले. आज मला कुंडीत किंवा डब्यात लावलेल्या शेंगांच्या वेलांना आधार कसा द्यावा, याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. विषय लहान दिसतो खरा. पण ज्यांच्या घराला अंगण नाही, ज्यांच्या वाट्याला गॅलरीची एक बाजू किंवा गच्चीचा एक कोपरा आला आहे, त्यांना तो लहान वाटणार नाही. आडवी जागा मिळत नसेल तर उभी वापरावी. वाल, पावटा, चवळी, वेली घेवडा, मटार यांना जमीन थोडी लागते. त्यांची खरी गरज उंचीची असते.

पुष्कळ जणी म्हणतात, “वेल लावला, वाढला, पण शेंगा काही खाल्ल्या नाहीत.” अशा वेळी आपण मातीला दोष देतो, खताला देतो, बियाण्याला तर देतोच. आधाराकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वेल जमिनीवर लोळला की पाने एकमेकांवर दडपतात, आत वारा खेळत नाही, मावा आणि भुरी यांचे फावते. शेंगा धरल्या तरी त्या ओल्या मातीला टेकून कुजतात.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की सगळे वेल एका रीतीने चढत नाहीत. मटार चढतो तो तणाव्यांनी. त्याच्या पानाच्या टोकाला दोऱ्यासारखे बारीक तणावे असतात आणि ते हाताला लागेल ते धरतात. पण त्यांची मूठ लहान! जाड बांबू त्यांना धरता येत नाही. मटाराला बारीक दोरी, जाळी किंवा फाटे फुटलेल्या काटक्या हव्यात. तुराट्या मिळाल्या तर उत्तमच. नाहीतर पेरूच्या वा मेंदीच्या छाटलेल्या फांद्या चालतात. जास्वंदीची ओली फांदी मात्र खोचू नका. ती स्वतःच मुळे धरून डब्यात भागीदारीण होऊन बसेल. आधी वाळवा, मग खोचा.

वाल, चवळी, घेवडा यांची तऱ्हा निराळी. त्यांना तणावे नसतात. त्यांचे खोडच आधाराभोवती वेढे घेते, म्हणून त्यांना उभी काठी किंवा उभी दोरी पाहिजे. आडव्या दोऱ्यांचा त्यांना विशेष उपयोग नाही. चार्ल्स डार्विन यांनी वेलांच्या चढण्यावर बारकाईने प्रयोग केले आणि १८६५ साली ते प्रसिद्ध केले. घेवड्याचा कोवळा शेंडा आधार शोधत हवेत गोल फिरतो आणि एका फेरीला त्याला सुमारे २ तास लागतात, असे त्यांना आढळले. आपण सकाळचा स्वयंपाक आटोपतो, तेवढ्यात त्याची एक प्रदक्षिणा होते! वरून पाहिले तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. म्हणून शेंडा हाताने काठीवर चढवायचा असेल तर त्याच दिशेने चढवा. उलटा गुंडाळला तर तो सुटून येतो.

त्याच १८६५ साली ब्रनो येथे ग्रेगोर मेंडेल यांनी मटारावरील आपले अनुवंशाचे प्रयोग सभेपुढे वाचून दाखवले. त्यांची काही झाडे वाफ्यात होती, काही कुंड्यांत; आणि ती उभी राहावीत म्हणून काठ्या, झाडांच्या फांद्या व ताणून बांधलेल्या दोऱ्या त्यांनी वापरल्या. एवढ्या मोठ्या शास्त्राचा पाया ज्या झाडांवर रचला गेला, त्यांनाही काटक्यांचाच टेकू होता. तेव्हा हे काम हलके समजू नये.

दुसरी गोष्ट वेळेची. आधार बी पेरण्यापूर्वी उभा करावा. वीतभर वेल वाढल्यावर काठी खुपसली की नेमकी मुळे तुटतात. डब्यात मुळांना बाजूला सरकायला जागा नसते. मोठ्या डब्यात किंवा पिंपात तीन काठ्या रोवून त्यांची टोके वर एकत्र बांधावीत, म्हणजे छान तिकाटणे होते. प्रत्येक काठीच्या पायथ्याशी दोन बिया टोकाव्यात आणि उगवल्यावर जोमदार रोप तेवढे ठेवावे. झुडपी घेवडा असेल तर मांडवाचा खटाटोप नको. बियाणे घेतानाच जात विचारून घ्यावी.

आणि आधार टिकाऊ हवा. आपल्याकडचे जुने वाल, पावटे आषाढात पेरले तरी दिवस लहान होऊ लागल्याशिवाय बहुधा फुलावर येत नाहीत. गणपतीपर्यंत नुसती पाने पाहून कित्येक जणी वेल उपटून टाकतात. ज्यांनी धीर धरला त्यांचीही साधी सुतळी पावसात कुजलेली असते, आणि शेंगांचा भार येतो तेव्हाच ती तुटते. म्हणून काथ्याची दोरी घ्या. ती ओलीत पुष्कळ टिकते आणि खरखरीत असल्याने वेल घसरत नाही. बांधताना खोड आवळू नका. काठी आणि वेल यांच्यामध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास घ्या. शेंडा हात पुरेल त्या उंचीला आला की खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात आणि शेंगा काढायला स्टुलावर चढावे लागत नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि हीच मला सर्वांत आग्रहाने सांगावयाची आहे. ओली माती भरलेला १५ किलो तेलाचा डबा २० किलोंच्या वर सहज जातो. त्यावर पाच-सहा फूट उंचीचा पानांनी भरलेला मांडव उभा राहिला की तो वाऱ्यापुढे शिडासारखा फुगतो. असा डबा कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर फळीवर ठेवणे म्हणजे खालून जाणाऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या डोक्यावर संकट टांगून ठेवणे होय. डबा नेहमी जमिनीवर ठेवावा, खाली विटा द्याव्यात म्हणजे पाण्याचा निचरा होतो. मांडवाचे वरचे टोक आतल्या बाजूने खिडकीच्या गजाला किंवा भिंतीतल्या मजबूत हुकाला बांधावे. विजेच्या तारेला किंवा सांडपाण्याच्या नळाला कधीही नाही. मांडवाचा भार घराने पेलावा, एकट्या डब्यावर तो सोपवू नये.

शेंगा कोवळ्या असतानाच दोन-तीन दिवसांआड तोडत जा. वेलावर शेंगा जून झाल्या की त्याला नवी फुले येणे मंदावते. हंगाम संपला की वेल उपटू नका, बुडाशी कापा. मुळे मातीत राहिली तर पुढच्या झाडाला त्यांचा लाभ होतो. काठ्या धुऊन, वाळवून ठेवा. पुढल्या वर्षी त्याच कामी येतात.

एका डब्याने घराची भाजी भागेल असे मी म्हणणार नाही. पण आठवड्यातून एखादे दिवशी आपल्याच गॅलरीतल्या पावट्याची उसळ ताटात पडली, तर घरातली मुले शेंग कोठून येते हे डोळ्यांनी पाहतील, आणि एरवी भाजी बाजूला सारणारेही ती मागून घेतील. येत्या आषाढापूर्वी प्रत्येकीने एक डबा, तीन काठ्या आणि थोडा काथ्या जमवून ठेवावा, एवढी विनंती करते आणि आपली रजा घेते.