राखीव प्रत आणि अधिकारांची नोंद



अनेक ग्रंथालयांत व कार्यालयांत आता एक लहानशी पेटी आढळते. तिच्यात दोन-चार हार्ड डिस्क बसवलेल्या असतात आणि जाळ्याने जोडलेले सर्व संगणक आपल्या फाइली तिच्यात ठेवतात. तिला नेटवर्क स्टोअरेज, संक्षेपाने ‘नॅस’, असे म्हणतात. या पेटीतील फाइलींची एक राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, अन्यत्र असावी, हे बहुतेकांना पटलेले आहे. मात्र त्या प्रतीत काय काय आले पाहिजे, याचा विचार क्वचितच होतो.

फाइल म्हणजे केवळ मजकूर नव्हे. तिचा मालक कोण, ती कोणी वाचावी, कोणी बदलावी, याची नोंदही तिच्यासोबत असते. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीच्या परंपरेत मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग मानले जातात. प्रत्येकाला वाचणे, लिहिणे व चालवणे या तीन परवानग्या देता येतात. एवढ्याने भागत नाही तेथे अमुक व्यक्तीला अमुक अधिकार अशी सविस्तर अधिकारसूची जोडतात. विंडोजच्या एनटीएफएस रचनेत अशा सूची १९९३ पासूनच आहेत.

साधी प्रत घेताना मजकूर जातो, ही नोंद मागे राहते. पेन ड्राइव्हवर बहुधा फॅट किंवा एक्सफॅट रचना असते. तिच्यात मालकाचे नाव लिहायला जागाच नाही. पुढे पेटी बिघडली आणि त्या प्रतीवरून फाइली परत आणल्या, की दोहोंपैकी एक घडते. एक तर ज्याची फाइल त्यालाच ती उघडेना. नाही तर घाईगर्दीत सर्वांना सर्व काही खुले केले जाते. मग सेवकांची वेतनपत्रके आणि वाचकांनी कोणते ग्रंथ नेले याच्या नोंदी कोणाच्याही दृष्टीस पडतात. मजकूर वाचला, पण विश्वास गेला.

यावर उपाय आहेत. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला ‘आरसिंक’ हा प्रोग्राम फार वापरला जातो. त्याला लहान लिपीतील ‘ए’ ही खूण दिली, की मालक, गट व परवानग्या प्रतीत उतरतात. अधिकारसूचीसाठी मात्र मोठ्या लिपीतील ‘ए’ वेगळा द्यावा लागतो. अक्षर एकच असल्याने येथे पुष्कळांची फसगत होते. शिवाय मूळ मालकाचे नाव लावण्यासाठी, प्रत जेथे उतरते तेथे ‘रूट’चा, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचा, हक्क लागतो. विंडोजमधील ‘रोबोकॉपी’ही आपण होऊन अधिकारसूची नेत नाही, तिला ‘कॉपीऑल’ असे स्पष्ट सांगावे लागते. एक्सफॅट डिस्कवाचून गत्यंतर नसेल, तर सर्व फाइली ‘टार’ या पद्धतीने एकाच गठ्ठ्यात बांधाव्यात. मालकाची व परवानग्यांची नोंद गठ्ठ्याच्या आतच राहते.

आणखी एक गोष्ट. युनिक्स परंपरेत डिस्कवर मालकाचे नाव नसते, क्रमांक असतो. जुन्या पेटीत १००१ हा क्रमांक हिशेबनिसाचा असेल आणि नव्या पेटीत तोच उमेदवाराला मिळाला असेल, तर हिशेबाच्या फाइली उमेदवाराच्या हाती जातील. ग्रंथांबरोबर दाखल-नोंदवही जपावी, तशी प्रतीबरोबर वापरकर्त्यांची व गटांची क्रमांकवार यादीही जपली पाहिजे. तसेच परवानगी म्हणजे कुलूप नव्हे. राखीव डिस्क ज्याच्या हाती पडेल, तो आपल्या संगणकावर सर्वाधिकारी होऊन सारे वाचू शकतो. म्हणून ती सांकेतिक रूपात, परवलीच्या शब्दाने बंद करून ठेवावी.

शेवटी, परीक्षा घेतल्यावाचून कोणत्याही प्रतीवर विसंबू नये. दर तीन महिन्यांनी एखादा फोल्डर वेगळ्या जागी परत आणावा आणि दोन व्यक्तींना तो उघडण्यास सांगावे: एक अधिकार असलेली, दुसरी नसलेली. पहिलीला फाइल उघडता आली, एवढ्यावर समाधान मानू नये; दुसरीला नकार मिळाला पाहिजे. दोन्ही घडले, तरच आपली प्रत पूर्ण आहे असे समजावे.