संघाबाहेर काढलेले पोर



वसतिगृहातल्या मुलांच्या व्यसनाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतेच, "सरळ तपासणी सुरू करा." म्हणून अमेरिकेतले एक प्रकरण सांगतो. ओक्लाहोमा राज्यातले टेकुमसे हे छोटे गाव. (गावाला नाव शॉनी आदिवासींच्या लढवय्या नायकाचे, हे आपण तरी विसरू नये.) 1998 साली तिथल्या शाळा मंडळाने नियम केला, की गायनवृंद, बँड, प्रश्नमंजुषा, कशातही स्पर्धेला उतरायचे तर अमली पदार्थांसाठी लघवी तपासून द्यायची. शिक्षक बंद दाराबाहेर उभे राहून कान देणार! लिंडसे अर्ल्स या विद्यार्थिनीने दाद मागितली. जून 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नियम उचलून धरला. पोलिसांना कळवायचे नाही, सहभाग तेवढा थांबेल, मग बिघडले कुठे, असा बहुमताचा सूर.

मला न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचे विरोधी मत पटते. अशा उपक्रमांतली मुले मुळात व्यसनाकडे कमी वळतात, असे त्या म्हणाल्या. म्हणजे संध्याकाळी बँड वाजवणाऱ्याला बाटली, आणि टपरीमागे बसणारा मोकळा. शिवाय तिसऱ्यांदा सापडला तर उरलेले वर्ष किंवा 88 दिवस, जे जास्त असेल तेवढे दिवस, उपक्रम बंद. त्या संध्याकाळी तो कुठे घालवणार?

आपल्याकडे गुटखा खाताना सापडलेल्या पोराला कबड्डीच्या संघातून काढायचे, की सरावाला अर्धा तास आधी बोलवायचे? जेवणाआधी एवढे ठरवून टाकू.