कारखान्यातील जनित्र आणि गावाची हवा



मराठीच्या सेवानिवृत्त प्राध्यापकाकडून आपण संतसाहित्याची, किंवा फार तर सीमाभागातील बोलींची अपेक्षा केली असेल. संयोजकांनी विषयाची मोकळीक दिली आणि मी डिझेलवर चालणारे जनित्र निवडले, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. कारण साधे आहे. ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेत शिकलेले कित्येक जण आज काकती, होनगा आणि बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत मालक, फोरमन, फिटर म्हणून काम करीत आहेत. आणि शाळेच्या पटांगणावर खेळणारी मुले त्याच परिसरातील हवा श्वासात घेत आहेत. या दोन्ही गोष्टींचा ज्या यंत्राशी एकाच वेळी संबंध येतो, त्याविषयी शाळेच्या व्यासपीठावरून बोलू नये, असे मला वाटत नाही.

‘जनित्र’ हा परिभाषाकारांनी दिलेला शब्द मला आवडतो. जन्म देणारे ते जनित्र. कारखान्यात मात्र त्याला ‘जनरेटर’ किंवा नुसते ‘डीजी’ म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरीन. भाषेचे सोवळे यंत्रशाळेत फार काळ टिकत नाही.

या भागाला इंजिन परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. बेळगावात सायकलींचे दुकान चालवता चालवता ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्यामुळे तो नांगर आरंभी शेतकऱ्यांनी घेतला नाही, ही हकिकत सर्वश्रुत आहे. पुढे नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याच्या जागी नवी वसाहत वसवायची होती, तेव्हा ते बिऱ्हाड घेऊन निघाले आणि औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. मराठी वाचकांना त्या वाडीचे स्मरण ‘किर्लोस्कर’ मासिकामुळे अधिक असते. मलाही तसेच ते होते. परंतु १९४६ साली त्याच घराण्याने पुण्यात ऑईल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला, आणि आमच्या पिढीच्या कानांत जी इंजिनाची पुकपुक भरलेली आहे ती बव्हंशी तेथून आली. विहिरीवर तेच, पिठाच्या गिरणीत तेच. आज त्या कंपनीचा एक मोठा कारखाना आपल्याच महामार्गावर, निपाणी ओलांडल्यानंतर लागणाऱ्या कागलजवळ आहे.

त्या जुन्या इंजिनात आणि आजच्या जनित्रात मूळ तत्त्व एकच आहे. पॅरिसमध्ये जन्मलेल्या रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे ते यशस्वी करून दाखविले. केवळ हवा सिलिंडरमध्ये पंधरा-अठरा पट दाबायची, म्हणजे ती इतकी तापते की तीत उडवलेले तेल ठिणगीवाचून पेटते. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविले गेले होते, हे आपल्यासारख्या भुईमूग पिकविणाऱ्या मुलखाला सांगण्यासारखे आहे. या इंजिनाच्या दांड्याला विद्युतनिर्मितीचा भाग जोडला आणि मिनिटाला बरोबर १५०० फेरे राखले, की चार ध्रुवांच्या यंत्रातून आपल्या घरी येते तशी ५० आवर्तनांची वीज मिळते. भार वाढो की घटो, फेरे तेच राहिले पाहिजेत. जनित्राच्या नियंत्रकाची सारी कसरत याचसाठी असते.

आता प्रश्न असा की, हेस्कॉमची वीज असताना याची गरज काय? मराठीत ‘लाइट गेली’ आणि ‘लाइट आली’ असे आपण एखाद्या नात्यातल्या बाईविषयी बोलावे तसे बोलतो. घरात त्या जाण्यायेण्याचे फारसे काही बिघडत नाही. ओतशाळेत बिघडते. बेळगाव ते कोल्हापूर हा पट्टा ओतकामासाठी प्रसिद्ध आहे, आणि आज बऱ्याच फाउंड्रींत विजेची इंडक्शन भट्टी आहे. तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे, त्या नळीतून सतत फिरणारे थंड पाणी, आत अग्निरोधक मातीचे अस्तर आणि त्या अस्तराच्या आत सुमारे चौदाशे-पंधराशे अंश तापमानाचा लोखंडाचा रस, अशी तिची रचना. पाणी आणि रस यांच्यामध्ये काय ते एवढेच अस्तर आणि एवढेच तांबे. वीज गेली की वितळणे थांबते. ते नुकसान सोसता येते. पण पंपही थांबला, तर रसात आणि अस्तरात साठलेली उष्णता वेटोळ्याकडे येतच राहते. नळीतील पाणी उकळते, तांबे दगा देते, आणि पाणी जर रसाला भेटले तर त्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. भट्टीजवळ उभी असतात ती आपल्याच शाळेतून बाहेर पडलेली मुले.

म्हणूनच ओतशाळेत जनित्र लागते ते भट्टी चालविण्यासाठी नव्हे. एक टन लोखंड वितळविण्यास साडेपाचशे-सहाशे युनिट वीज खर्च होते आणि जनित्र एका लिटर डिझेलात साधारण साडेतीन युनिट देते. म्हणजे टनामागे दीडशे लिटरहून अधिक डिझेल जाळावे लागेल! हा व्यवहार कोणीही करणार नाही. जनित्राने जगवायचे असते ते पाण्याचे पंप, भट्टी कलती करणारी यंत्रणा, डोक्यावरची क्रेन आणि दिवे. वीज गेल्यावर स्वयंचलित पॅनेल दहा-पंधरा सेकंदांत जनित्र सुरू करून हा भार त्यावर टाकते. अनुभवी मालक एवढ्यावरही विसंबत नाहीत. ते उंचावर पाण्याची एक टाकी भरून ठेवतात, कारण गुरुत्वाकर्षणाला कधी बॅटरी लागत नाही.

येथवर जनित्राची बाजू झाली. दुसरी बाजू धुरांड्याची आहे.

जुन्या इंजिनाचा काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या तेलाची काजळी. तिचे कण इतके बारीक असतात की ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. आपल्याकडे जनित्रांच्या धुरावर पहिली राष्ट्रीय बंधने २००४ साली लागू झाली, २०१४ साली ती कडक झाली, आणि १ जुलै २०२३ पासून नवा टप्पा आला. ७५ ते ५६० किलोवॅटच्या इंजिनांना पूर्वी दर युनिटमागे ०.२ ग्रॅम काजळीकण चालत, आता ०.०२ ग्रॅम चालतात. नत्राच्या ऑक्साइडांना पूर्वी हायड्रोकार्बनसह ४ ग्रॅमची मुभा होती. आता एकट्या नत्राच्या ऑक्साइडांना ०.४ ग्रॅम. दहाव्या हिश्श्यावर आणणे हे किरकोळ काम नव्हे.

ते साधले कसे, हे ऐकण्यासारखे आहे. पूर्वीचा यांत्रिक पंप तेल ढोबळपणे उडवीत असे. आता एका सामाईक नळीत तेल हजार-दीड हजार बारहून अधिक दाबाने सज्ज असते आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक प्रत्येक स्फोटाला किती आणि केव्हा हे ठरवितो. ज्वलन सुधारल्यामुळे काजळी मुळात कमी होते. उरलेली काजळी धुराच्या वाटेवरील जाळीदार गाळणीत अडते आणि उष्णतेने तेथेच जळून जाते. नत्राच्या ऑक्साइडांवर युरियाचे द्रावण फवारतात. त्यातून निघणारा अमोनिया त्यांचे निरुपद्रवी नत्रवायूत आणि वाफेत रूपांतर करतो. शेतकऱ्याला ठाऊक असलेलाच हा युरिया, परंतु शुद्ध केलेला. यातील काहीही गंधकयुक्त जुन्या डिझेलवर टिकले नसते. १ एप्रिल २०२० पासून देशभर दहा लाख भागांत दहा भागच गंधक असलेले डिझेल मिळू लागले, म्हणून हे शक्य झाले.

येथे माझा एक भाषिक आक्षेप नोंदवतो. जाहिरातींत ‘स्वच्छ जनित्र’ असे छापतात. ‘अधिक स्वच्छ’ म्हणावे. एक लिटर डिझेल जाळले की अडीच किलोंहून अधिक कार्बन डायॉक्साइड बाहेर पडणारच. त्याला कोणतीही गाळणी नाही.

आपल्यातील उद्योजक मित्र मला म्हणतात, ‘सर, नवे यंत्र महाग आहे, आणि एखादा सेन्सर बिघडला तर आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला हात लावता येत नाही.’ तक्रार खरी आहे. परंतु बिघाडांतील पुष्कळ भाग खरेदीच्या वेळीच ठरून जातो. ‘पुढे लागेल’ म्हणून आपण दुप्पट क्षमतेचे जनित्र घेतो आणि पाचवा हिस्सा भारावर चालवितो. इंजिन पुरेसे तापत नाही, न जळलेले तेल धुराच्या नळीत ओशट होऊन साचते. जुने इंजिन धूर ओकत हे सहन करी. नवे करीत नाही; गाळणी तापली नाही तर ती चोंदते आणि यंत्र थांबते. साधारण तीस टक्क्यांखाली फार वेळ चालवू नये, हा नियम पाळायचा तर आधी आपला अत्यावश्यक भार मोजला पाहिजे. लग्नाचे जेवण सांगताना आपण माणसे मोजतो. जनित्र घेताना मोटारी मोजत नाही, हे मला नवल वाटते.

आणि मुख्य अडचण वेगळीच आहे. नवा नियम नव्या यंत्रांना आहे. शेडमागे पंधरा-वीस वर्षांपूर्वी बसविलेले जनित्र त्याने मोडीत निघत नाही. दिल्ली परिसरात जुन्या जनित्रांवर निर्बंध आले, कारण तेथील हवेने राजधानीचाच श्वास कोंडला. काकतीच्या हवेची बातमी होत नाही. जुन्या इंजिनाला गाळणी बसवता येते, पण ती बसवा असे सांगणारे येथे कोणी दारात येत नाही. ते मालकानेच ठरवायचे आहे.

धुरांड्याच्या उंचीचा नियम मात्र जुन्यालाही लागू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र असे : जनित्राच्या केव्हीएचे वर्गमूळ काढा, त्याला ०.२ ने गुणा, आणि येईल तेवढे मीटर धुरांडे इमारतीच्या माथ्याहून वर न्या. १०० केव्हीए असेल तर २ मीटर, ४०० असेल तर ४ मीटर. हा हिशेब आपल्या शाळेतील आठवीचा विद्यार्थी करू शकतो. विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, यंदाच्या प्रदर्शनासाठी मुलांनी माजी विद्यार्थ्यांच्या परवानगीने त्यांच्याच कारखान्यांत जावे, जनित्राच्या पाटीवरचा आकडा टिपावा, धुरांड्याची उंची मोजावी आणि तक्ता करून या भिंतीवर लावावा. परवानगी मिळेल याविषयी मला शंका नाही. त्यातले चौघे-पाच जण पहिल्या रांगेतच बसले आहेत.

 भट्टीविषयी प्रश्न असतील तर ते त्या पहिल्या रांगेलाच विचारावेत.