‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणजे काय?

(१९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



संयोजकांनी बजावले आहे, “जेवणानंतरचे सत्र आहे, पंधरा मिनिटांत आटप.” बासुंदी झाल्यावर डॉक्टर बोलायला उभा राहिलेला कोणालाच आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सकाळपासून ऐकतो आहे, गप्पा शाळेच्या आठवणींवरून सुरू होतात आणि पाचव्या मिनिटाला साखर, बीपी आणि गुडघ्यांवर येऊन थांबतात. आपण सगळे आता बासष्टीच्या आसपास आहोत. तेव्हा विषय तुम्हीच काढलेला आहे. त्यातला राहून गेलेला एक भाग तेवढा मी सांगतो. तो म्हणजे किडनी, आपले मूत्रपिंड.

आपल्या दहावीच्या वर्षी, मार्च १९७९ मध्ये, जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. ते गेल्याची चुकीची बातमी थेट लोकसभेत जाहीर झाली होती, आठवत असेल. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि ते डायलिसिसवर होते. आपल्यापैकी अनेकांनी हा शब्द तेव्हाच पहिल्यांदा वाचला असेल. ऑक्टोबरमध्ये ते खरोखरच गेले. त्या काळी तो मोठ्या शहरातला, मोठ्या माणसांचा उपचार वाटायचा. आता तो आपल्या वर्गात येऊन पोहोचला आहे.

आपला एक मित्र आज या सभागृहात बसला आहे. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, तो डायलिसिसच्या खुर्चीत असतो. मेळाव्याची तारीख ठरत होती तेव्हा “रविवारच धरा रे” असा आग्रह कोण करत होते आणि का, हे आता तुमच्या लक्षात येईल. त्याला चौदा वर्षे मधुमेह होता. साखर दर महिन्याला तपासायचा, पण लघवीतल्या प्रथिनांची तपासणी कधी झालीच नाही. पायाला सूज आली तेव्हा किडनीचे काम पंधरा टक्क्यांच्या खाली गेले होते. “माझे नाव नको, पण हे सांगच,” असे त्यानेच मला सांगितले, म्हणून आज बोलतो आहे.

एवढे होईपर्यंत कळत कसे नाही? आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत जातो आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. ही क्षमता गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आहे, म्हणून तर माणूस एक किडनी दान करून नीट जगू शकतो. पण याच कारणाने निम्म्या गाळण्या बंद पडल्या तरी दुखत नाही, खुपत नाही. “मला लघवी भरपूर होते, म्हणजे किडनी ठणठणीत,” असे म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पाणी बाहेर पडते म्हणजे कचराही बाहेर पडतोच असे नाही.

मग ओळखायचे कसे? येथे गणिताच्या सरांची मदत घेतो. सर, तुम्ही आम्हाला व्यस्त प्रमाण शिकवले होते. माणसे निम्मी झाली तर दिवस दुप्पट लागतात. रक्तातले क्रिएटिनिन असेच वागते. ते आपल्या स्नायूंमधून रोज साधारण सारखेच तयार होते आणि किडनी ते बाहेर टाकते. किडनीचे काम निम्मे झाले की क्रिएटिनिन जवळपास दुप्पट होते. आता एखाद्या बाईंचे क्रिएटिनिन पूर्वी ०.६ होते आणि काही वर्षांत ते १.१ झाले. लॅबच्या कागदावर दोन्ही आकडे ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसतात. कागदावर लाल खूण नाही, पण काम मात्र निम्म्याजवळ आलेले असते.

म्हणून नुसत्या क्रिएटिनिनवर थांबू नका. त्याच आकड्यात वय आणि स्त्री-पुरुष हा फरक धरून ‘ईजीएफआर’ काढतात. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते, याचा तो अंदाज. २०२१ च्या सूत्राने पाहा. क्रिएटिनिन १.१ असेल तर पंचवीस वर्षांच्या मुलाचा ईजीएफआर सुमारे ९५ येतो आणि आपल्या वयाच्या बाईचा सुमारे ५७. आकडा एकच, अर्थ वेगळा. वयाबरोबर हा आकडा थोडा उतरतोच, त्यामुळे एका रिपोर्टवर घाबरायचे नाही. पण तीन महिन्यांनंतरही तो ६० च्या खालीच असेल, तर तो जुनाट किडनीविकार समजतात. हाही अंदाजच आहे. व्यायामाने कमावलेल्या शरीरात क्रिएटिनिन मुळातच जास्त असते, आणि फार कृश माणसात कमी, त्यामुळे कृश माणसाची किडनी कागदावर आहे त्यापेक्षा चांगली दिसते. अशा वेळी डॉक्टर सिस्टॅटिन सी ही तपासणी सांगतात.

दुसरी तपासणी लघवीची, ‘अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’. चांगली गाळणी प्रथिने जाऊ देत नाही. ती झिरपू लागली की गाळणी खराब होऊ लागली. हा आकडा ३० च्या आत हवा. मधुमेहात बऱ्याचदा ईजीएफआर उतरण्याच्या आधीच हा वाढतो, म्हणजे सावध व्हायला वेळ मिळतो. ताप किंवा लघवीचा संसर्ग असताना तो उगाच वाढतो, म्हणून पुन्हा तपासून खात्री करावी. सकाळची पहिली लघवी उत्तम.

वेळेत कळले तर उपयोग आहे का? नक्की आहे. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी बीपीची औषधे गाळणीवरचा दाब कमी करतात. डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध किडनीची झीज मंद करते, मधुमेह नसलेल्यांतही, हे २०२० साली मोठ्या चाचणीत दिसून आले. आता ते भारतात स्वस्तातही मिळते. गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत, उरलेल्या मात्र टिकवता येतात.

आणि गुडघ्यांविषयी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही दुकानातून मागून आणलेली गोळी महिनोन्‌महिने घेऊ नका. बीपीची गोळी चालू असेल आणि जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले असेल, तर ती जास्तच घातक. ‘किडनी साफ करणारे’ काढे आणि पावडरीही नकोत. किडनी साफ करावी लागत नाही, तीच आपल्याला साफ करते.

ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, घरात कोणाला किडनीचा आजार होता, किंवा मुतखडे वारंवार झाले आहेत, त्यांनी वर्षातून एकदा या दोन तपासण्या कराव्यात आणि जुने रिपोर्ट फेकू नयेत. एका आकड्यापेक्षा चार वर्षांचे चार आकडे शेजारी ठेवले की जास्त कळते. गुरुजनहो, तुम्ही आमची प्रगतिपुस्तके अशीच वाचत होता.

आपला पुढचा मेळावा पाच वर्षांनी आहे. तो कोणत्याही वारी घेता यावा, एवढीच इच्छा.