उघडलेली बाटली



रत्नागिरी शहरालगतच्या मिरजोळे गांवांत आतां औद्योगिक वसाहत उभी आहे. तरीही या भागांतल्या घरांतून वैशाखांत रातांबे पिकले कीं सालींत साखर भरून अमृतकोकम करतात, मीठ घालून आगळ काढतात. बाटलीचें बूच बंद असेपर्यंत गृहिणीला चिंता नसते. पाहुण्यांसाठीं ती उघडली, चार पेले सरबत झालें, आणि पाठोपाठ पाऊस आला, म्हणजे प्रश्न पडतो: उरलेल्याचें काय करावें?

द्राक्षासवाचीही हीच अडचण आहे. तें बिघडतें सूक्ष्म जंतूंमुळें, हें लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें. हवा मिळाली कीं हे जंतु मद्यार्काचा सिरका करतात. म्हणून उरलेलें आसव लहान बाटलींत कांठोकांठ भरून, घट्ट बूच लावून शीतकपाटांत ठेवतात. तरी तें साधारण तीन ते पांच दिवसांत संपवावें लागतें.

आपल्या कोकमाच्या पाकाची राखण साखर करते. दाट पाकांत जंतूंना लागणारें पाणी साखरेनें धरून ठेवलेलें असतें. बाजारी पाकांत विरघळलेले घटक शेंकडा ६५ असावेत, या नियमाचें मर्म हेंच. पण ओला चमचा बुडविला, किंवा झांकणाखालीं दंव साचलें, कीं पाण्याचा पातळ थर पाकावर तरंगतो. त्या थरांत साखरेचा पहारा ढिला पडतो, किण्व वाढतें, बुडबुडे येतात आणि एके दिवशीं बूच उडतें.

तेव्हां चमचा बुडवूं नये; पाक ओतून घ्यावा. तोंड कोरड्या फडक्यानें पुसावें आणि बाटली शीतकपाटांत ठेवावी. आगळ आंबट व खारट. तें तांब्यापितळेंत न ठेवतां काचेंत किंवा चिनी मातीच्या बरणींत ठेवावें. बुरशी दिसली, तर वरची साय काढून खालचें वापरण्याची काटकसर करूं नये. बुरशीचे तंतू व विष डोळ्यांना दिसत नाहीं, इतक्या खोलवर पोंचतें. सगळेंच टाकावें.

हा तोटा टाळण्याचा खरा उपाय मात्र बाटली उघडण्यापूर्वींचा आहे. वैशाखांत पाक भरतांना मोठ्या बाटलीचा मोह सोडून, उकळून कोरड्या केलेल्या लहान लहान बाटल्या भराव्या. जी एका आठवड्यांत संपेल तीच आपल्या घराची योग्य बाटली. मग श्रावणांतही उरलेल्याची काळजी राहणार नाहीं.