मठाधिपतीचें घड्याळ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सव म्हणजे गेलेल्या काळाची मोजदाद. तेव्हां आजच्या प्रसंगीं काळ मोजणाऱ्या यंत्राविषयीं चार शब्द बोलावे असें मीं योजिलें आहे.

आपल्या देशांत पूर्वीं पाण्यावर घटिकापात्र सोडीत. त्याच्या तळाला बारीक छिद्र असे. पाणी भरून तें बुडालें कीं एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटें, झाली असें समजत. 'घड्याळ' हा आपला शब्द त्या घटिकेच्याच कुळांतला. युरोपांतील मठांतहि पाण्याचीं घड्याळें व सूर्याची सावली यांवर काम चाले. परंतु कडक थंडींत पाणी गोठे, ढगाळ दिवशीं सावली पडत नसे, आणि संत बेनेदिक्त यांच्या नियमाप्रमाणें संन्याशांना तर रात्रींहि प्रार्थनेसाठीं उठावें लागे. वेळेवर घंटा होणें ही त्यांची खरी गरज होती. इंग्रजींतील 'क्लॉक' हा शब्ददेखील घंटावाचक लॅटिन शब्दापासूनच निघाला आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस चाकांचें घड्याळ अवतरलें. त्याची युक्ति आपणां सर्वांस सहज समजेल. विहिरीवरचा रहाट सोडून दिला तर पोहरा धाडकन खालीं जातो. घड्याळांतहि असेंच एक वजन दोरीला टांगलेलें असतें. तें एकदम खालीं जाऊं नये म्हणून दांतेरी चाकापुढें एक झुलता आडदांडा ठेविला. तो प्रत्येक झोक्याला चाकाचा एकच दांता सुटूं देई आणि पुढचा अडवी. ती सुटका व तो अटकाव यांतूनच टिकटिक जन्मास आली. हीं घड्याळें दिवसाकाठीं पाव तास सहज चुकत. इसवी सन १६५६ मध्यें हॉलंडच्या ह्यूजेन्स यांनीं लंबक लावल्यावर ही चूक कांहीं सेकंदांवर आली.

आतां ज्याची कथा सांगावी म्हणून मी उभा राहिलों, त्या पुरुषाकडे वळतों. वॉलिंगफर्डचा रिचर्ड हा इंग्लंडांतील एका लोहाराचा मुलगा. त्याचा जन्म सुमारें १२९२ सालचा. लहानपणींच पितृछत्र हरपलें, तेव्हां गांवच्या मठाच्या प्रमुखानें त्याला पोटाशीं धरलें व ऑक्सफर्डला विद्येसाठीं पाठविलें. पुढें तो सेंट ऑल्बन्सच्या मठांत संन्यासी झाला आणि १३२७ सालीं तेथील मठाधिपति निवडला गेला. थोड्याच दिवसांत कुष्ठरोगानें त्याला गांठलें. देह झडत असतां त्यानें एका अपूर्व घड्याळाचें काम आरंभिलें. त्यांत सूर्य व चंद्र यांच्या गति, ग्रहणें, लंडनच्या पुलापाशीं येणारी भरती हें सर्व दिसावयाचें होतें. घंटा एकपासून चोवीसपर्यंत ठोके देणार होती.

इतक्यांत राजा तिसरा एडवर्ड मठाच्या भेटीस आला. मंदिराचा कांहीं भाग १३२३ सालीं कोसळला होता व तो तसाच पडून होता. मंदिर पडकें असतां घड्याळावर द्रव्य कां घालवितां, असें त्यानें सौम्यपणें विचारलें. मठाधिपतीनें नम्रपणें उत्तर दिलें कीं, भिंती बांधणारे गवंडी माझ्या मागून येणाऱ्यांना पुष्कळ मिळतील. परंतु हें यंत्र मीं अर्धवट सोडलें तर तें पुरें करणारा कोणी मिळणार नाहीं.

हें उत्तर थोर आहे. पण कथा येथें थांबविली तर ती अर्धी राहील. त्या गांवच्या लोकांनीं मठाच्याच गिरणींत पैसे भरून दळावें असा मठाचा हक्क होता. लोक घरोघर जातीं ठेवून आपलें पीठ आपण काढीत. रिचर्डनें त्यांच्याशीं झगडून तीं जातीं काढून घेतलीं आणि त्यांचे दगड मठाच्या बैठकीच्या फरशींत बसविले. रोगानें गांजलेला, ताऱ्यांची गति जाणणारा, लोहाराचा हा पोर गरिबाच्या घरचें जातें पायाखालीं घालून चालत होता. पुढें १३८१ सालच्या बंडांत गांवकरी मठांत शिरले, ते दगड उखडून फोडले आणि रविवारीं मंदिरांत आशीर्वादित भाकर वाटतात तसे त्यांचे तुकडे आपसांत वाटून घेतले. पंचेचाळीस वर्षांपूर्वीं मेलेल्या मठाधिपतीचा अन्याय ते विसरले नव्हते.

रिचर्ड १३३६ सालीं वारला. घड्याळ पुढच्या एका मठाधिपतीच्या काळांत पूर्ण झालें. त्याचें भाकीत खोटें ठरलें. पुरें करणारे मिळाले! १५३९ सालीं आठव्या हेन्रीच्या राज्यांत मठ मोडला आणि घड्याळहि नाहींसें झालें. मात्र त्याचा हस्तलिखित आराखडा उरला. १९६५ सालीं जॉन नॉर्थ या विद्वानाला तो ऑक्सफर्डच्या ग्रंथालयांत सांपडला व त्यावरून त्या यंत्राच्या प्रतिकृति तयार झाल्या.

त्याच शतकांत स्ट्रासबर्गच्या महामंदिरांत १३५२ ते १३५४ या वर्षांत एक घड्याळ उभें राहिलें. त्यांत तीन राजे पवित्र मातेच्या मूर्तीपुढें नमन करीत, आणि एक यांत्रिक कोंबडा चोंच उघडून, पंख फडफडवून आरवे. मूळचें घड्याळ गेलें, पण कोंबडा तेथील संग्रहालयांत अद्याप आहे. तो पाहणाऱ्या भाविकाला पेत्राच्या नाकारण्याची व त्याच्या अश्रूंची आठवण होई. मला वाटतें, सेंट ऑल्बन्सच्या घड्याळालाहि असा एक कोंबडा हवा होता.

बंधूंनो, जुन्या करारांतील पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकलें जाई, दास मुक्त होत, गेलेली जमीन मूळ धन्याला परत मिळे. महोत्सवाचा मूळ अर्थ हा आहे. आपण पन्नास वर्षांच्या इमारती, घंटा, शाळा मोजल्या. तें योग्यच झालें. पण आपल्याहि फरशीखालीं कोणाचें जातें दडलें आहे काय, कोणा शेजाऱ्याचा बांध, कोणा भावाचा वांटा, कोणा मजुराची राहिलेली मजुरी आपल्याकडे आहे काय, हेंहि घरीं जाऊन मोजूं या. आणि सांपडेल तें उद्यां सकाळची घंटा होण्यापूर्वीं परत करूं या.